फ्रेंच ओपन आणि तिची लाल माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी मेअखेरीस पॅरिसमध्ये फ्रेंच ओपन ही टेनिस स्पर्धा सुरू झाली की तेच प्रश्न नव्याने पुढे येतात. स्पेनचा नदाल तिथेच एवढा का जिंकला, अमेरिकेच्या सॅम्प्रासला एकदाही का जमलं नाही, पंच मधेच खुर्चीवरून खाली का उतरतात? ही उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. बहुतेक उत्तरं फिरून कोर्टावरच्या मातीपाशी येतात, तेव्हा सुरुवातही मातीपासूनच करू.

ही लाल माती नेमकी कसली असते?

ती माती नव्हे, विटांचा चुरा. भट्टीत भाजलेल्या विटा दळून केलेली ही भुकटी कोर्टावर पसरतात, आणि तिचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटर, म्हणजे रांगोळीइतकाच असतो. टीव्हीवर दिसणारा तो तांबडा रंग एवढ्याशा थराचा आहे. त्याच्याखाली सहा-सात सेंटिमीटर पांढऱ्या चुनखडीचा चुरा दाबून बसवलेला असतो आणि खेळाडूचा भार खरा पेलते ती ही चुनखडी. तिच्याखाली जळक्या कोळशाच्या खड्यांचा थर, मग खडी, आणि तळाशी पाणी झिरपून जावं म्हणून किमान ३० सेंटिमीटर दगड.

सगळी मेहनत असते ती चुनखडीतला ओलावा राखण्याची. ती सुकली की कोर्ट टणक होतं, वरची भुकटी उडून जाते आणि पाय घसरायला लागतात. फार भिजली तर चेंडू उठत नाही. म्हणून सामन्याआधी कोर्टावर पाण्याचा सडा मारतात, सेट संपला की जाळी ओढून भुकटी सारखी करतात आणि रेषा झाडून स्वच्छ करतात. सामना बघताना ही मंडळी दिसली की चॅनेल बदलू नका. त्या दोन मिनिटांच्या कामावर पुढच्या सेटमध्ये चेंडू कसा उडेल हे बरंचसं ठरतं.

अशा कोर्टाची सुरुवात १८८० च्या सुमारास झाली असं सांगतात. इंग्लंडचे रेन्शॉ बंधू फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान इथे टेनिस शिकवायचे. तिथल्या उन्हात हिरवळ करपायची, म्हणून त्यांनी भाजलेल्या मडक्यांचा चुरा तिच्यावर पसरला, अशी ही कथा आहे.

या मातीमुळे खेळात काय फरक पडतो?

विम्बल्डनच्या हिरवळीवर चेंडू घसरत पुढे जातो आणि खाली राहतो. इथे तो भुकटीत रुततो, पुढे जाण्याचा त्याचा वेग कमी होतो आणि तो वर उसळतो. ताशी दोनशे किलोमीटरने मारलेली सर्व्हिसही समोरच्याला एखादा क्षण जास्त देऊन जाते, आणि या पातळीच्या खेळाडूला तेवढा क्षण पुरतो. हिरवळीवर जो फटका थेट गुण मिळवून देतो, तोच इथे परत येतो. पुन्हा मारा, तरी पुन्हा परत येतो. एकेक गुण दोन-तीनदा जिंकावा लागतो, आणि म्हणूनच या कोर्टावर चिवट खेळाडूची चलती असते.

दुसरी गोष्ट पायांची. लाल मातीवर चेंडूपर्यंत धावत जाऊन थांबायचं नसतं, तर घसरत जाऊन घसरतानाच फटका मारायचा असतो. लहानपणापासून या मातीवर वाढलेले स्पेन, इटली, अर्जेंटिनाचे खेळाडू हे सहज करतात. इतरांना सवय व्हायला वेळ लागतो. ड्रॉप शॉटलाही, म्हणजे जाळीपलीकडे अलगद टाकलेल्या चेंडूलाही, इथे वेगळीच किंमत आहे, कारण उंच उसळणाऱ्या चेंडूंमुळे समोरचा बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या शेवटच्या रेषेच्या, मागे दोन-तीन मीटर उभा असतो आणि त्याला अचानक जाळीपर्यंत पळावं लागतं.

ऊन असेल तर माती सुकते, चेंडू हलका होतो आणि खेळ वेगवान होतो. ढगाळ, दमट हवेत चेंडूला माती चिकटते, तो जड होतो आणि रॅली (एका गुणासाठी चाललेली फटक्यांची देवाणघेवाण) लांबत जातात. एकाच दिवशी दुपारचा आणि रात्रीचा सामना दोन वेगळ्या खेळांसारखा वाटतो तो याच कारणाने.

स्टेडियमला ज्याचं नाव आहे तो रोलाँ गॅरोस कोणी मोठा टेनिसपटू होता का?

नाही, तो वैमानिक होता. २३ सप्टेंबर १९१३ रोजी त्याने दक्षिण फ्रान्समधून उड्डाण केलं आणि कुठेही न थांबता भूमध्य समुद्र ओलांडून ट्युनिशियातल्या बिझर्टला विमान उतरवलं. तोवर हे कोणालाच जमलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात विमानाच्या फिरत्या पंख्यातून मशिनगन चालवता यावी म्हणून त्याने पंख्याच्या पात्यांवर पोलादी पट्ट्या बसवल्या. १९१५ मध्ये तो जर्मनांच्या हाती सापडला, १९१८ मध्ये कैदेतून निसटला, पुन्हा लढायला गेला आणि ५ ऑक्टोबर १९१८ रोजी विमान पाडलं जाऊन मारला गेला. दुसऱ्या दिवशी त्याला तीस वर्षं पूर्ण होणार होती.

त्याचं नाव टेनिसला मिळालं ते मैत्रीमुळे. १९२७ मध्ये बोरोत्रा, ब्रुनियों, कोशे आणि लाकोस्त या चौघांनी, म्हणजे फ्रान्सच्या ‘चार मस्केटियर्स’नी, अमेरिकेत जाऊन देशोदेशींच्या संघांतला डेव्हिस चषक जिंकला. पुढच्या वर्षी तो घरच्या मैदानावर राखायचा होता आणि पॅरिसमध्ये तेवढं मोठं स्टेडियम नव्हतं. ‘स्ताद फ्रांसे’ या क्लबने तीन हेक्टर जागा दिली. क्लबचे अध्यक्ष एमिल लेसियर हे गॅरोसचे मित्र. नव्या स्टेडियमला आपल्या मित्राचं नाव द्यायचं, एवढी एकच अट त्यांनी घातली. १९२८ पासून स्पर्धा तिथेच भरते. पुरुष एकेरीच्या विजेत्याला मिळणारा चषक त्या चौघांच्या नावाचा, महिलांचा चषक फ्रेंच टेनिसपटू सुझान लाँग्लेनच्या नावाचा.

स्पर्धा कधी सुरू झाली?

१८९१ मध्ये, पण तेव्हा ती फ्रेंच क्लबांच्या सभासदांपुरती होती. महिला एकेरी १८९७ मध्ये आली. परदेशी खेळाडूंना दार उघडलं ते १९२५ मध्ये, म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणून तिचा इतिहास तिथून मोजतात.

त्याहून मोठं वळण १९६८ चं. तोवर ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार मोठ्या स्पर्धांमध्ये, फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता, पैसे घेऊन खेळणाऱ्यांना नव्हता. ही बंदी उठल्यावर झालेली पहिली ग्रँड स्लॅम म्हणजे त्या वर्षीची फ्रेंच स्पर्धा. तेव्हा पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांचं आंदोलन आणि कामगारांचा देशव्यापी संप एकाच वेळी पेटला होता. रेल्वे, विमानं, पेट्रोल, सगळंच ठप्प. खेळाडू मिळेल त्या वाहनाने कसेबसे पोहोचले आणि तरीही प्रेक्षकांनी स्टेडियम भरून टाकलं. अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाच्या केन रोजवॉलने आपल्याच देशाच्या रॉड लेव्हरला हरवलं. रोजवॉलने ही स्पर्धा आधी १९५३ मध्ये जिंकली होती. मधली बरीच वर्षं तो व्यावसायिक झाल्यामुळे बाहेर होता. पंधरा वर्षांनी परत येऊन पुन्हा तीच स्पर्धा जिंकणं ही मला टेनिसमधल्या सगळ्यात मोठ्या कामगिऱ्यांपैकी एक वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

दुसऱ्या महायुद्धात इथे छावणी होती, हे खरं आहे का?

खरं आहे. युद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच सरकारने संशयित परदेशी नागरिकांना पकडून या स्टेडियममध्ये डांबलं. त्यांतले अनेक जण हिटलरपासून पळून फ्रान्सच्या आश्रयाला आलेले होते. लेखक आर्थर कोस्लर त्यांच्यापैकी एक. १९४० ते १९४५ या काळात अधिकृत स्पर्धा झाली नाही.

याच काळाशी जोडलेलं एक नाव आज कोर्टाला आहे. सिमोन मात्यू १९३८ आणि १९३९ ची विजेती. युद्धात ती लंडनला जाऊन द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच सेनेत दाखल झाली आणि तिथल्या महिला दलाची पहिली प्रमुख झाली. २०१९ मध्ये उघडलेलं सिमोन-मात्यू कोर्ट वनस्पती उद्यानात आहे, जमिनीच्या पातळीखाली खोदलेलं, चारही बाजूंनी काचेच्या हरितगृहांनी वेढलेलं. टेनिसमधलं इतकं देखणं कोर्ट दुसरं नाही.

नदालने इथे एवढं वर्चस्व कसं गाजवलं?

आधी आकडे: १४ विजेतेपदं, ११२ विजय, ४ पराभव. २००५ मध्ये तो पहिल्यांदा आला आणि जिंकूनच गेला. फेडररविरुद्धची उपांत्य फेरी त्याच्या एकोणिसाव्या वाढदिवशी झाली होती. चौदा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चौदाही वेळा जिंकली. त्यांपैकी २००८, २०१०, २०१७ आणि २०२० मध्ये त्याने संपूर्ण स्पर्धेत एकही सेट गमावला नाही. २००८ च्या अंतिम फेरीत फेडररला त्याने ६-१, ६-३, ६-० अशी धूळ चारली, तेव्हा फेडरर जगात पहिल्या क्रमांकावर होता.

कारणं पाहायची तर पहिलं त्याचा डावखुरा फोरहँड. त्यात टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी, एवढा की लाल मातीवर पडलेला चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर यायचा. एका हाताने बॅकहँड मारणाऱ्या फेडररची सगळ्यात मोठी अडचण हीच होती. हिरवळीवर हाच फटका एवढा उसळत नाही. दुसरं कारण त्याचे पाय. संपला असं वाटणारा गुण तो कोपऱ्यातून घसरत जाऊन पुन्हा जिवंत करायचा. तिसरं म्हणजे तो ४०-० ने पुढे असतानाही ब्रेक पॉइंट (आपल्या सर्व्हिसचा गेम गमावण्याच्या काठावरचा गुण) वाचवत असल्यासारखा खेळायचा. पाच सेटच्या सामन्यात असा माणूस समोर असेल तर भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

चार पराभवांपैकी पहिला २००९ मध्ये चौथ्या फेरीत स्वीडनच्या रॉबिन सॉडरलिंगकडून झाला. तोवर नदाल इथे सलग ३१ सामने जिंकला होता. सॉडरलिंगने काय केलं? चेंडू खांद्यापर्यंत यायची वाट न बघता पुढे सरसावून तो सपाट आणि जोरात मारला, सलग चार सेट. उपाय सोपा वाटतो, पण उंचापुरा बांधा आणि त्या दिवशीचा हात, दोन्ही असल्याशिवाय जमत नाही. उरलेल्यांत दोन पराभव जोकोविचकडून (२०१५ आणि २०२१) आणि शेवटचा २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत झ्वेरेव्हकडून. २०१६ मध्ये मनगटाच्या दुखापतीमुळे त्याने तिसऱ्या फेरीआधी माघार घेतली, तो पराभव धरत नाहीत.

स्टेडियमच्या आवारात त्याचा पोलादी पुतळा आहे. २०२५ मध्ये मुख्य कोर्टावर त्याच्या पावलाचा ठसा असलेली पट्टी कायमची बसवण्यात आली.

मग सॅम्प्रास, मॅकेन्रोसारखे दिग्गज इथे का जिंकले नाहीत?

सॅम्प्रासकडे १४ ग्रँड स्लॅम होती, पण इथे त्याची मजल १९९६ च्या उपांत्य फेरीपर्यंतच गेली. त्याचा खेळ सर्व्हिस आणि व्हॉलीवर (टप्पा पडण्याआधीच चेंडू मारण्यावर) उभा होता, आणि ही माती नेमकी सर्व्हिसचीच धार काढून घेते. जर्मनीचा बेकर कधी अंतिम फेरीत पोहोचला नाही. स्वीडनचा एडबर्ग एकदा पोहोचला आणि पाच सेटमध्ये हरला.

अमेरिकेच्या मॅकेन्रोची गोष्ट जास्त बोचरी आहे. १९८४ मध्ये तो अफाट फॉर्मात होता आणि अंतिम फेरीत लेंडलविरुद्ध दोन सेटनी पुढे होता. जाळीपाशी जाऊन व्हॉली मारण्याचा आपला नैसर्गिक खेळ त्याने याच मातीवर यशस्वी करून दाखवला होता. मग लय बिघडली, लेंडलने त्याच्या डोक्यावरून आणि बाजूने चेंडू काढणारे लॉब आणि पासिंग शॉट शोधले आणि सामना पाच सेटमध्ये जिंकला. मॅकेन्रोला पुन्हा कधी इथली अंतिम फेरी मिळाली नाही. महिलांमध्ये मार्टिना हिंगिस आणि व्हीनस विल्यम्स यांनाही एकेरीचं हे विजेतेपद मिळालं नाही.

मायकेल चँगची ती अंडरआर्म सर्व्हिस काय होती?

१९८९, चौथी फेरी. समोर जगातला पहिल्या क्रमांकाचा इव्हान लेंडल, इकडे सतरा वर्षांचा अमेरिकी चँग. पहिले दोन सेट लेंडलने ६-४, ६-४ घेतले, पुढचे दोन चँगने ६-३, ६-३. तोवर त्याच्या पायांत गोळे यायला लागले होते. बाजू बदलण्याच्या वेळी खाली बसलं तर पुन्हा उठता येणार नाही म्हणून तो उभाच राहायचा, केळी खायचा, पाणी प्यायचा. लेंडलची लय तोडायला उंच, संथ चेंडू मारायचा.

पाचव्या सेटमध्ये ४-३, १५-३० असताना त्याने कमरेखालून, हलक्या हाताने सर्व्हिस केली. लेंडल गोंधळून पुढे आला आणि चँगने गुण मिळवला. सामन्याच्या शेवटी मॅच पॉइंटला, म्हणजे जिंकायला एकच गुण हवा असताना, लेंडलच्या दुसऱ्या सर्व्हिसवर, चँग जवळजवळ सर्व्हिस रेषेपाशी जाऊन उभा राहिला. लेंडलने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या, आणि सामना गमावला. तो आठवडा संपताना चँगने एडबर्गला हरवून स्पर्धा जिंकली. पुरुष एकेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारा त्याच्याहून लहान खेळाडू आजवर झालेला नाही. अंडरआर्म सर्व्हिस नियमात बसते. पाय साथ देत नसताना शोधलेला तो मार्ग होता, त्यात मला तरी काही गैर दिसत नाही.

पंच खुर्चीवरून उतरून माती का बघतात?

कारण चेंडू पडला की भुकटीत त्याची खूण उमटते. खेळाडूने दाद मागितली की पंच खाली उतरतात, खूण शोधतात, बोट फिरवून दाखवतात आणि निर्णय देतात. ऑस्ट्रेलियन, अमेरिकन ओपन आणि आता विम्बल्डननेही रेषेवरची माणसं काढून यंत्र आणलं. २०२५ मध्ये रेषापंच राखणारी ही एकटीच ग्रँड स्लॅम होती. टीव्हीवरचं चित्र आणि मातीतली खूण कधीकधी जुळत नाही आणि वाद होतात, हे खरं. तरी पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जमिनीवर पडलेला असतो, ही गोष्ट मला मोलाची वाटते. ही पद्धत टिकावी.

एक नियम लक्षात ठेवा: खूण बघायला जाळी ओलांडून पलीकडे जायचं नाही. १९९९ च्या अंतिम फेरीत हिंगिस स्टेफी ग्राफविरुद्ध एका सेटने पुढे होती, दुसऱ्यातही २-० ने पुढे. एका निर्णयावर चिडून ती थेट ग्राफच्या बाजूला जाऊन बोट दाखवू लागली. तिला एका गुणाचा दंड झाला आणि सगळं स्टेडियम तिच्या विरोधात गेलं. ग्राफ ४-६, ७-५, ६-२ ने जिंकली. ते तिचं सहावं फ्रेंच आणि शेवटचं ग्रँड स्लॅम विजेतेपद ठरलं.

महिला एकेरीत सर्वाधिक विजेतेपदं कोणाची?

अमेरिकेच्या ख्रिस एव्हर्टची, सात (१९७४ ते १९८६ दरम्यान). मातीवर तिचा खेळ किती भक्कम होता हे एकाच गोष्टीवरून कळतं: १९७३ ते १९७९ या काळात ती क्ले कोर्टवर सलग १२५ सामने जिंकली. अलीकडच्या काळात पोलंडच्या इगा श्वियाँतेकने २०२०, २०२२, २०२३ आणि २०२४ अशी चार जिंकली. सर्वांत लहान विजेती मोनिका सेलेस, १९९० मध्ये सोळा वर्षांची. २०११ मध्ये चीनच्या ली नाने इथे आशियातलं पहिलं एकेरीचं ग्रँड स्लॅम मिळवलं. २०२५ ची विजेती कोको गॉफ.

भारतीयांनी इथे काय मिळवलं?

एकेरीत विजेतेपद नाही, पण दुहेरीत ही स्पर्धा आपल्याला चांगलीच लाभली आहे. कोणत्याही भारतीयाचं पहिलं ग्रँड स्लॅम इथलंच: १९९७, मिश्र दुहेरी, महेश भूपती आणि जपानची रिका हिराकी. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि भूपतीने पुरुष दुहेरी जिंकली. त्या वर्षी ही जोडी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत होती. २००१ मध्ये दोघांनी ती पुन्हा जिंकली. पेसने २००९ मध्ये लुकाश द्लूहीबरोबर आणखी एक मिळवलं.

२०१२ मध्ये सानिया मिर्झा आणि भूपती मिश्र दुहेरीचे विजेते झाले, भूपतीच्या वाढदिवशी. २०१६ ची मिश्र दुहेरीची अंतिम फेरी आपल्यासाठी विशेष: एका बाजूला पेस आणि हिंगिस, दुसऱ्या बाजूला सानिया आणि इव्हान दोदिग. पेसची जोडी जिंकली. २०१७ मध्ये रोहन बोपण्णाने गाब्रिएला दाब्रोव्स्कीबरोबर हाच मान मिळवला. मुलांच्या एकेरीत रमेश कृष्णनने १९७९ मध्ये ही स्पर्धा जिंकली होती.

पाऊस आला तर?

पूर्वी खेळ थांबायचा आणि वेळापत्रक कोलमडायचं. फिलिप शात्रिए या मुख्य कोर्टावर २०२० पासून आणि सुझान-लाँग्लेन कोर्टावर २०२४ पासून सरकतं छप्पर आहे. बाकी कोर्टांवर अजून ताडपत्री. रिमझिम पावसात मात्र खेळ चालू राहू शकतो, कारण ही माती हिरवळीसारखी लगेच निसरडी होत नाही.

पाचवा सेट किती लांबू शकतो?

आता ६-६ झाल्यावर दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम, होतो. हा नियम २०२२ मध्ये आला. त्याआधी दोन गेमचा फरक पडेपर्यंत खेळायचं. २००४ च्या पहिल्या फेरीत फाब्रिस सांतोरोने आर्नो क्लेमाँला हरवायला दोन दिवसांत मिळून ६ तास ३३ मिनिटं घेतली, पाचवा सेट १६-१४.

भारतातून सामने किती वाजता दिसतात?

तेव्हा पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. सकाळी ११ चे सामने आपल्याकडे दुपारी अडीचला, दुपारी ३ ची अंतिम फेरी संध्याकाळी साडेसहाला. रात्रीचं सत्र आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपास सुरू होतं. प्रत्यक्ष जायचं असेल तर तिकीट फक्त अधिकृत संकेतस्थळावरून घ्या, ते नावावर असतं. मुख्य स्पर्धेच्या आधीचा पात्रता फेरीचा आठवडा खूप स्वस्त पडतो आणि खेळाडू अगदी हाताच्या अंतरावर दिसतात.

जुने सामने पाहायचे तर कुठून सुरुवात करू?

२०२५ ची पुरुषांची अंतिम फेरी आधी बघा. स्पेनचा अल्कराज दोन सेटनी मागे, चौथ्या सेटमध्ये इटलीच्या सिनरला लागोपाठ तीन मॅच पॉइंट, ते तिन्ही वाचवून अल्कराज पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये १०-२ ने जिंकला. ५ तास २९ मिनिटं चाललेली ही इथली सर्वांत लांब अंतिम फेरी.

मग चँग–लेंडल. आणि त्यानंतर २००४ ची अर्जेंटिनाच्या दोघांची अंतिम फेरी, गॅस्टन गॉडिओ आणि गिलेर्मो कोरिया. कोरियाने पहिले दोन सेट ६-०, ६-३ घेतले, मग त्याच्या पायांत गोळे आले. पाचव्या सेटमध्ये त्याला दोन मॅच पॉइंट मिळाले आणि दोन्ही हुकले. बिगरमानांकित गॉडिओ ८-६ ने जिंकला. लाल माती माणसाच्या पायांची आणि मनाची किती परीक्षा घेते हे बघायचं असेल, तर या सामन्याचे शेवटचे दोन सेट पुरेत.